चर्चमधून नाटकात आलेली पायपेटी

सोनारीला भैरवनाथाच्या देवळात भजनाला बसलो की माझं लक्ष पेटीवाल्याच्या डाव्या हाताकडं जातं. तो भाता हलवण्यात गुंतलेला असतो. वाजवायला उरतो एकच हात. बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका मोबाइलवर ऐकताना मागचा ऑर्गन पेटीपेक्षा वेगळा का वाटतो, याचं अर्धं उत्तर मला तिथं मिळालं. (देवळाबाहेर मोबाइल हातात धरून बसायचं असेल तर माकडांवर नजर ठेवा.)

चर्चचा मोठा ऑर्गन नळ्यांचा. तो त्या इमारतीसाठीच बांधतात. हलवायचा तर नळी न् नळी उतरवायची आणि नव्या जागेत प्रत्येकीचा आवाज पुन्हा जुळवायचा. लहान चर्चला हे कुठून परवडणार? त्यांच्याकडं आला पत्त्यांचा ऑर्गन. पॅरिसच्या दबँ यांनी 1842 साली पेटंट घेतलेल्या हार्मोनियमचा हा भाऊबंद. नळ्यांऐवजी पितळी पत्त्या, भाता पायानं चालवायचा. गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीला असंच वाद्य हवं होतं. आपण त्याला पायपेटी म्हणू लागलो.

‘ऑर्गन आपण साहेबाकडून उचलला’ असं सहज म्हटलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. वाद्य उचललं, त्याचं काम नाही. चर्चमध्ये ऑर्गन पुढं चालतो. चार आवाजांची सुरावट धरतो आणि सगळी मंडळी त्याच्यामागून गातात. इथं तो एकट्या गळ्याच्या मागं चालायला लागला.

1913 साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे होते, सारंगीवर कादरबक्ष, पुढं तबल्यावर थिरकवा. ‘स्वयंवर’ 1916 चं. पदांना चाली भास्करबुवा बखल्यांच्या. या संगीतातला ऑर्गन गायकाच्या श्वासाची फट भरतो. भाता पायाखाली असल्यामुळं दोन्ही हात मोकळे, आणि कित्येक ऑर्गनना आवाज लहानमोठा करायला गुडघ्याशी दांडी असते.

आता तक्रार. या वाद्याचे सूर ठोकून बसवलेले. त्यातून मींड निघत नाही, श्रुती तर दूरच. याच दोषावरून ऑल इंडिया रेडिओनं 1940 साली पेटीवर बंदी घातली, ती 1971 मध्ये थोडी सैल झाली. दोष खरा आहे, आणि सगळ्याच साथीदारांना तो झाकता येत नाही. सारखा सूर दाबून धरणारा ऑर्गन गाणं चपटं करतो. पण बालगंधर्वांच्या मुद्रिकांत मला उलटं ऐकू येतं. गळा दोन सुरांच्या मधून घसरत जातो तेव्हा ऑर्गन मागं राहतो, आणि शेवटच्या सुरावर येऊन टेकतो. तो जागचा हलत नाही म्हणूनच गळा किती हलला ते कळतं.

आज बऱ्याच प्रयोगांत कीबोर्डवर ‘ऑर्गन’चं बटण दाबतात. सूर बरोबर लागतो, पण त्यात भाता नसतो. पाय थकला की सूर किंचित बसतो, जोर आला की फुगतो. ती वरखाली बटणात नाही. नाट्यसंगीताच्या समीक्षेत गळ्याबद्दल पानंच्या पानं लिहिली जातात, या पायांबद्दल एखादी ओळ.

आमच्या पेटीवाल्या काकांना मी एक मुद्रिका ऐकवली. डोळे मिटून ऐकत म्हणाले, “ह्याचे दोन्ही हात मोकळे हायेत की रं.” मग तीनदा मागं न्यायला लावली. भजन त्या दिवशी उशिरा सुरू झालं.