संशयाचे विघ्न : 'द एक्झॉर्सिस्ट' आणि त्याचा प्रेक्षक

भयपटाविषयी प्रेक्षक जे बोलतात, त्याची गंभीर दखल समीक्षेत क्वचितच घेतली जाते. 'भीती वाटली', 'किळस आली', 'हसू आले' ही विधाने व्यक्तिगत अभिरुचीची म्हणून बाजूला ठेवण्याचा प्रघात आहे. विल्यम फ्रीडकिन यांनी दिग्दर्शित केलेल्या 'द एक्झॉर्सिस्ट' या चित्रपटाच्या संदर्भात मात्र हा प्रघात अपुरा पडतो. २६ डिसेंबर १९७३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाच्या शेवटाचा प्रेक्षकांनी जो अर्थ लावला, तो मूळ लेखकाला इतका अस्वस्थ करणारा ठरला की २००० साली चित्रपटाची संहिताच बदलण्यात आली. प्रेक्षकाचे मत येथे कलाकृतीच्या इतिहासाचाच एक भाग झाले आहे.

विल्यम पीटर ब्लॅटी यांची याच नावाची कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली आणि पटकथाही त्यांनीच लिहिली. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन या वस्तीत राहणाऱ्या अभिनेत्रीची बारा वर्षांची मुलगी रीगन सैतानबाधेने ग्रस्त होते. वैद्यकीय तपासण्या निष्फळ ठरल्यावर मेरिन आणि कॅरस हे दोन कॅथलिक धर्मगुरू रोमन विधीनुसार सैतान उतरवण्याचा प्रयत्न करतात. ब्लॅटी जेझुइटांच्या जॉर्जटाउन विद्यापीठात शिकलेले होते. सैतान आहे, तर ईश्वरही आहे, असा या कथेमागचा त्यांचा युक्तिवाद होता. भय हे त्यांच्या लेखी श्रद्धेकडे नेणारे साधन होते.

प्रेक्षकांनी हे साधन निरनिराळ्या रीतींनी वापरले. चित्रपटगृहात लोक मूर्च्छित झाल्याच्या, ओकाऱ्या झाल्याच्या बातम्या तत्कालीन वृत्तपत्रांत आल्या. चित्रपट पाहिल्यानंतर मानसिक विकाराची लक्षणे दिसू लागलेल्या चार रुग्णांची नोंद जेम्स बोझुटो यांनी १९७५ साली एका मानसोपचारविषयक नियतकालिकात केली. समीक्षक पॉलीन केल यांना हा चित्रपट कॅथलिक चर्चची मोठी जाहिरात वाटला, आणि चर्चने त्याला आक्षेप न घेणे त्यांना खटकले. उलट काही प्रॉटेस्टंट धर्मप्रचारकांना चित्रपटातच सैतानाचा वास जाणवला. एकाच कलाकृतीला कोणी चर्चचे हत्यार मानत होते, तर कोणी सैतानाचे. हान्स रॉबर्ट याउस यांची 'अपेक्षाक्षितिजा'ची संकल्पना या मतभेदाचे उगमस्थान दाखवते. परंतु मतभेद नेमक्या कोणत्या बिंदूवर तीव्र होतो, हे शोधण्यासाठी संहितेकडेच वळावे लागते.

तो बिंदू म्हणजे चित्रपटाचा शेवट. मेरिनच्या मृत्यूनंतर कॅरस सैतानाला आपल्या देहात येण्याचे आव्हान देतो. त्याचा चेहरा विकृत होतो, हात मुलीकडे वळतात. मग क्षणभर चेहरा पूर्ववत होतो आणि तो खिडकीतून खालच्या दगडी पायऱ्यांवर झेप घेतो. ब्लॅटींच्या दृष्टीने हे आत्मबलिदान होते. अनेक प्रेक्षकांनी मात्र सैतानानेच त्याला खाली फेकले आणि अखेर सैतान जिंकला, असा अर्थ घेतला.

अभिनवगुप्तांनी 'अभिनवभारती'त रसप्रतीतीची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांच्या आधारे या मतमतांतरांची मांडणी करता येते. जे प्रेक्षक हसले, त्यांच्या बाबतीत 'संभावनाविरह' हे विघ्न दिसते. असे काही घडू शकते, हेच त्यांना मान्य नव्हते. ते टाळण्याचा प्रयत्न चित्रपट वैद्यकीय तपासण्यांच्या प्रदीर्घ प्रसंगांतून करतो. सर्व तर्कसंगत पर्याय संपल्यानंतरच धर्मगुरू येतात. जे प्रेक्षक आजारी पडले, त्यांचे भय 'स्वगत' राहिले. साधारणीकरण न झाल्याने रीगनचे संकट त्यांना स्वतःचे वाटले. शेवटाविषयीचा वाद मात्र 'संशययोग' या सातव्या विघ्नाचा आहे. एकच अनुभाव दोन भिन्न स्थायीभावांकडे निर्देश करू शकतो. अश्रू आनंदाचेही असतात आणि नेत्ररोगाचेही. त्याचप्रमाणे कॅरसची झेप ही उत्साहाचा अनुभाव आहे की सैतानाच्या बळाचा परिणाम, हे झेपेवरून ठरत नाही.

विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी यांचा संयोग हा अभिनवगुप्तांच्या मते या विघ्नावरचा उपाय होय. असा संयोग मूळ चित्रपटात अगदीच नाही, असे म्हणता येत नाही. मरणोन्मुख कॅरसला फादर डायर पापाच्या कबुलीविषयी विचारतो आणि कॅरस केवळ बोटांच्या हालचालीने प्रतिसाद देतो. कॅथलिक संस्कार जाणणाऱ्या प्रेक्षकाला या एका हालचालीतून त्याची मुक्ती प्रतीत होते. तो संस्कार ज्याच्या परिचयाचा नाही, त्याला केवळ एक मरणारा माणूस दिसतो. संशयाचे निरसन करणारी खूण संहितेत आहे. ती वाचण्याची लिपी मात्र सर्वांजवळ नाही.

२००० सालच्या आवृत्तीने ही उणीव शब्दांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला. जिन्यावरील मेरिन-कॅरस संवादाचा गाळलेला भाग परत आला. सैतानाचे खरे लक्ष्य मुलगी नसून भोवतालची माणसे आहेत, त्यांनी निराश व्हावे हा त्याचा हेतू आहे, असे मेरिन तेथे सुचवतो. शेवटी डायर आणि पोलीस अधिकारी किंडरमन यांचा सौम्य संवाद जोडला गेला. मात्र याच आवृत्तीत, रीगन कोळ्याप्रमाणे उलटी होऊन जिना उतरते, ते पूर्वी वगळलेले दृश्यही समाविष्ट झाले. आश्वासन आणि भय दोन्ही एकाच वेळी वाढवले गेले. त्यामुळे संशय मिटण्याऐवजी त्याचे स्थान बदलले. शिवाय जे व्यंजित होते ते वाच्य झाल्याने बलिदानाचा परिणाम काहीसा उणावला.

भाषांतराच्या पातळीवर हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. मेतिन एर्क्सान यांनी १९७४ साली तुर्कीत 'शेयतान' हा चित्रपट काढला, तेव्हा प्रसंगांचा क्रम बव्हंशी मूळचाच ठेवून कॅथलिक चौकटीच्या जागी इस्लामी चौकट बसवली. भय सुलभतेने स्थलांतरित झाले. बलिदानाचे ख्रिस्ती अर्थवलय मात्र तसेच्या तसे नेता येणे शक्य नव्हते. मराठी प्रेक्षकाची अडचण याहून वेगळी आहे. 'बाधा होणे' आणि 'झपाटणे' हे शब्द अनिष्टाचे आहेत. 'अंगात येणे' मात्र देवीचेही असते, आणि तेव्हा लोक त्या व्यक्तीला नमस्कार करतात, प्रश्न विचारतात. गाणगापूरच्या दत्तक्षेत्री बाधितांचे घुमणे लोकांदेखत चालते. रीगनची बाधा बंद शयनगृहात, दोन धर्मगुरूंच्या हवाली असते. देह परस्वाधीन होणे म्हणजे सर्वस्वी अमंगल, हे गृहीतकच मराठी भाषाव्यवहारात सिद्ध नाही. या चित्रपटाकडे पाहताना मराठी प्रेक्षकाला बाधेइतकेच तिचे एकाकीपणही परके वाटणे संभवते.

तथापि प्रत्येक विरोधी मताला 'विघ्न' म्हणणे न्याय्य ठरणार नाही. जेम्स बाल्डविन यांनी 'द डेव्हिल फाइंड्स वर्क' (१९७६) या ग्रंथात या चित्रपटाची जी झडती घेतली, ती संभावनाविरहातून आलेली नाही आणि संशयातूनही नाही. सैतान त्यांना अपरिचित नव्हता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी तो सत्ताधाऱ्यांच्या व पोलिसांच्या डोळ्यांत पाहिला आहे, आणि त्याला हादरणाऱ्या पलंगाची गरज पडत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. दुष्टता बाहेरून येऊन एका निष्पाप मुलीत शिरते, या कथनाने समाज स्वतःच्या दुष्टतेतून सुटतो, हा आक्षेप रसविघ्नांच्या कोणत्याही कोटीत बसत नाही. चित्रपट पूर्णपणे समजलेल्या सहृदयाने दिलेला तो नकार आहे. ब्लॅटींनी ज्या प्रेक्षकांसाठी शेवट स्पष्ट केला, त्यांचा अर्थ चुकला होता असे मानले, तरी बाल्डविनना द्यावयाचे उत्तर २००० सालच्या आवृत्तीतही सापडत नाही. ग्रहणाचा अभ्यास करताना न कळल्यामुळे आलेले मत आणि कळूनही दिलेला नकार यांत भेद न केल्यास, समीक्षा प्रेक्षकाला केवळ शिकवण्यायोग्य मानू लागते. या चित्रपटाच्या प्रेक्षकांमध्ये ज्यांच्याकडून समीक्षेनेच शिकावे, असेही काही होते.