परदेशीय विद्वानांस निमंत्रण : ‘इंडियन अँटिक्वरी’चा दाखला

संशोधनपत्रिकेस परदेशीय विद्वानांचे लेखन मिळावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु निमंत्रण कशासाठी, हे ठरविल्यावाचून ते धाडले गेले तर पत्रिकेस एखादे भारदस्त नाव लाभते. विषयास काही लाभत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. त्यांतील कित्येक ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषण शीर्षकातच मिरवीत होती.

याच्या उलट दाखला मुंबईतच सापडतो. जेम्स बर्जेस यांनी १८७२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ हे मासिक काढले, ते भारतातील आणि युरोपातील अभ्यासकांचा परस्परव्यवहार घडावा या हेतूने. पहिल्याच वर्षी रा. गो. भांडारकर यांनी त्यात पतंजलीच्या कालाविषयी निबंध लिहिला. आरंभ झालेली, पण न संपलेली क्रिया वर्तमानकाळाने सांगावी, हे दाखविताना महाभाष्यकाराने पुष्यमित्राच्या यज्ञाचे उदाहरण घेतले आहे. यज्ञ प्रत्यक्ष चालू असल्यावाचून हे उदाहरण सार्थ होत नाही. सबब पतंजली पुष्यमित्राचा समकालीन, म्हणजे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील, असा भांडारकरांचा निष्कर्ष. बर्लिनचे आल्ब्रेख्त वेबर यांस तो मान्य नव्हता. ते पतंजलीस बरेच अलीकडे ओढीत. १८७३ मध्ये त्यांचे आक्षेप त्याच मासिकात आले आणि भांडारकरांची उत्तरेही तेथेच आली. व्याकरणातील एका उदाहरणावर इतिहासाचा केवढा भार टाकावा, हा प्रश्न वाचकापुढे त्यामुळे उघडा झाला. वेबरांचे नाव मासिकास भूषण ठरले असेल. पण त्यांचा खरा उपयोग प्रतिपक्ष म्हणून झाला.

रामायणावरील वेबरांच्या जर्मन निबंधाचा इंग्रजी अनुवादही बर्जेस यांनी १८७२ मध्येच छापला. रामकथेवर होमरची छाया असावी, या त्यातील तर्कास काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७३ मध्ये स्वतंत्र पुस्तिकेने उत्तर दिले. तेलंगांचे वय तेव्हा जेमतेम तेवीस. प्रतिकूल मत हाताशी आणून ठेवले, म्हणजे तरुण अभ्यासकाची लेखणी कशी चालू लागते, हे यावरून दिसते.

तथापि या मासिकाचा गौरव करताना त्याची मर्यादा झाकता येणार नाही. सारा वाद इंग्रजीत चालला. महाभाष्य ज्यांस मुखोद्गत होते, पण इंग्रजी येत नव्हते, अशा शास्त्र्यांस त्यात बोलण्यास वावच नव्हता. सातासमुद्रापलीकडच्या वेबरांस जागा मिळाली. पुण्याच्या पाठशाळेतील पंडितास नाही. व्यवहार उभय खंडांचा असला, तरी घरातील एक दालन बंदच राहिले.

निमंत्रणाचा आणखी एक प्रकार भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने दाखविला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील सभापर्व अमेरिकेतील फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिले. ते १९४४ मध्ये पुरे झाले. येथे पाहुण्याच्या वाट्यास आला तो प्रत्यक्ष श्रमाचा भाग, आणि त्यांस पाळावयाची होती ती विष्णु सीताराम सुखटणकर यांनी आखलेली पद्धती. ‘आपणांस जे सुचेल ते पाठवावे’ अशा पत्राने एवढे काम झाले नसते.

मराठी पत्रिकेपुढील प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिची भाषाच बहुतेक परदेशीय अभ्यासकांस लिहिता येत नाही. झ्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ पॅरिसच्या एका ग्रंथमालेत १९२० साली निघाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद १९४१ मध्ये आला. मधल्या वीस वर्षांत फ्रेंच न जाणणाऱ्या मराठी वाचकास आपल्याच भाषेचा हा इतिहास ऐकीव माहितीवर भागवून घ्यावा लागला. असा ग्रंथ हाती येताच त्यातील एकेका प्रकरणावरचे मतभेद मांडावेत आणि ग्रंथकारासच उत्तरासाठी पाचारण करावे, हे खरे पत्रिकेचे काम. उत्तर फ्रेंचमध्ये आले, जर्मनमध्ये आले, तरी ते स्वीकारावे. त्याचे मराठी करण्याचा भार यजमानाने उचलावा आणि मूळ लेखही शेजारी छापावा.