बुडीत क्षेत्र, लाभक्षेत्र आणि अनुपस्थित शहर

धरणविषयक भारतीय कादंबरीचा तौलनिक विचार करताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम बुडणाऱ्या गावाकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१), वीरेंद्र जैन यांची हिंदी ‘डूब’ (१९९१) आणि ना. डिसोझा यांची कन्नड ‘द्वीप’ या तिन्ही कृतींचा गाभा तेथेच आहे. प्रस्तुत टिपणाचा प्रश्न निराळा आहे : ज्याच्यासाठी पाणी अडवले जाते, तो या कृतींत कोठे असतो?

‘झाडाझडती’त तो असतो. धरणग्रस्ताला लाभक्षेत्रात जमीन मिळावी, हे महाराष्ट्राच्या १९७६ च्या पुनर्वसन कायद्यामागील तत्त्व. त्यामुळे ज्याचे शिवार बुडाले आणि ज्याचे भिजणार आहे, ते दोघे एकाच बांधावर समोरासमोर येतात. खैरमोडे गुरुजींसारख्या सरळ माणसाची परवड केवळ नोकरशाहीच्या निर्दयतेतून येत नाही. या अटळ सामन्यातूनही येते. मराठी समीक्षेने ही कृती ग्रामीण कादंबरीच्या खाती जमा करताना तिची ही रचना पुरेशी तपासली नाही, असे मला वाटते.

शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या धरणाला असा बांधच नसतो. तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७), मध्य वैतरणा (२०१४) : मुंबईचे लाभक्षेत्र जलवाहिनीच्या दुसऱ्या टोकाला, नळाच्या तोटीशी आहे, तेथे जमिनीच्या बदल्यात जमीन कोणी मागावी? १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाला निदान दिसणारा प्रतिपक्ष होता. वीज मुंबईच्या वाटेने जाणार होती खरी, पण धरण बांधणारी टाटांची कंपनी दारात उभी होती. नळाखाली घागर धरणाऱ्याविरुद्ध सत्याग्रह कसा करणार?

शहराचे स्वतःचे धरणवाङ्मय मात्र आहे, आणि ते दर पावसाळ्यात वृत्तपत्रांत छापले जाते : सात तलावांच्या पातळीचा तक्ता. तलाव ओसंडून वाहू लागल्याची वार्ता मुंबईकर सुटकेच्या भावनेने वाचतो. शहापूर तालुक्यात, त्याच तलावांच्या परिसरात, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडे आहेत. त्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नाही. ‘द्वीप’मध्ये चढत्या पाण्याची हीच रेषा टेकडीचे बेट करीत जाते. एकच पातळी दोन संहितांत परस्परविरोधी अर्थ धारण करते, आणि दोन्ही संहितांचे वाचक सहसा एक नसतात.

‘डूब’चे बळ प्रतीक्षेच्या चित्रणात आहे, धरण येणार या वार्तेनेच तेथे गावाचा वर्तमानकाळ गोठतो. आपल्या प्रश्नाला अधिक उपयोगी ठरते ती ‘द्वीप’. (गिरीश कासरवळ्ळी यांच्या २००२ च्या चित्रपटामुळे मूळ कृती काहीशी झाकोळली, हे खरे.) शरावतीच्या पाण्यावरची वीज दूरच्या गावाशहरांत जाते, कादंबरी तिच्या मागे जात नाही. सामाजिक विश्लेषणाच्या अंगाने ही उणीव म्हणता येईल. पण बेटावरच्या माणसाला दूरचा लाभार्थी खरोखरच दिसत नसतो. त्याला प्रतिपक्ष म्हणून ओढूनताणून कथेत आणण्यापेक्षा हे मौन अधिक नेमके आहे. मुंबईच्या तलावांवर मराठीत उद्या कादंबरी लिहिली गेलीच, तर तिला ‘झाडाझडती’चा आराखडा पुरणार नाही, तिला ‘द्वीप’कडे जावे लागेल.