सुवर्णकाळाचं खातं

आमच्या घरी एका वादाची मुदत ठेव आहे; दर रविवारी तिचं आपोआप नूतनीकरण होतं. हिंदी गाण्यांचा सुवर्णकाळ कुठला? पंच्याऐंशी वर्षांचे वडील म्हणतात, १९५० चं दशक. नौशाद, शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन! मी म्हणतो, १९९० चं. १९९२ चा ‘रोजा’ विसरलात? मुलगी कानातला इयरफोन काढतच नाही.

पण गंमत पाहा. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेल्या आपल्याच केसकरांनी सिनेमाची गाणी हलकी ठरवून आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी मुकाट्याने काटा रेडिओ सिलोनवर नेला. शेवटी १९५७ साली सरकारला विविध भारती काढावी लागली. म्हणजे सुवर्णकाळ चालू होता तेव्हा थोरामोठ्यांना तो पितळी वाटत होता!

बँकेच्या भाषेत सांगायचं तर जुन्या दशकाची बुडीत खाती काळाने केव्हाच राइट-ऑफ केली. उरली ती सोन्याची. नव्या दशकाची सगळीच खाती अजून उघडी.

हा सिद्धान्त मी वडिलांना ऐकवला. ते म्हणाले, “अरे, हे आमच्या आबांना सांगायला हवं होतं. त्यांनी माझा रेडिओ माळ्यावर टाकला होता.”

मी मुलीकडे एका कानापुरता इयरफोन उसना मागितला.