पनवेलचे दोन पिनकोड आणि एसटीआर()

पिनकोडची बेरीज तुम्ही कधी केलीय का? नाही ना? मग तो तुमच्या डेटात संख्या म्हणून का बसलाय?

या वेळची तक्रार पायथनच्या एसटीआर() बद्दल. माझ्याकडे सर्वेक्षणाच्या तीन फायली होत्या. पनवेल ४१०२०६, कामोठे ४१०२०९, खारघर ४१०२१०, असे पिनकोड. एका फायलीत एका घराचा पिनकोड भरायचा राहिलेला. पांडास असा कॉलम वाचताना सगळ्या पूर्णांकांना दशांशात टाकतं, कारण त्याच्या नेहमीच्या पूर्णांक प्रकारात 'माहिती नाही' ठेवायची सोय नाही. मी प्रत्येक कॉलमवर एसटीआर() मॅप केलं आणि फायली जोडल्या. तक्त्यात पनवेल दोनदा: '४१०२०६' आणि '४१०२०६.०'. एरर एकही नाही. चूक दाखवली ती गाइडनी.

आणि ते रिकामं घर? त्याचा पिनकोड झाला 'नॅन', म्हणजे इंग्रजी तीन अक्षरांची साधी स्ट्रिंग. आता ते रिकाम्यांत मोजलंच जात नाही.

पायथन कडक आहे असं आपण ऐकतो. 'पनवेल' अधिक ४१०२०६ केलं तर ते टाइपएरर देतं. जावास्क्रिप्ट गुपचूप जोडून टाकतं. पण एसटीआर() सहसा कशालाच नाही म्हणत नाही. माणसाला वाचता येईल असं काहीतरी देणं एवढंच त्याचं काम. त्यावर ओळख ठरवणं ही माझी चूक, हे मान्य.

पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवीही होते (हे मला फार आवडतं). शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय सांगतात. म्हणजे तो मुळात पत्ताच.

म्हणून फाइल वाचतानाच डीटाइप स्ट्रिंग सांगा. नंतर बदलून उपयोग नाही: '०२२' हा एसटीडी कोड एकदा २२ झाला की एसटीआर() ते शून्य कुठून आणणार? शंका आली तर प्रिंटवर विसंबू नका, रेप्र() वापरा; त्यात अवतरणचिन्हं दिसतात.

तरी एक भोक राहतंच. कुणी फॉर्म मराठी अंकांत भरला असेल, तर स्ट्रिंग म्हणून वाचल्यावर पनवेल पुन्हा दोन. इंट() मराठी अंक ओळखतं आणि एसटीआर() ते इंग्रजीत परत देतं, त्यामुळे तिथे मात्र भरलेल्या पिनकोडवर दोन्ही लागोपाठ चालवा. ०२२ वर नको.