कबुलीनंतरचा तपास

१९६८ साली मुंबईच्या उपनगरांत रात्री झोपलेल्या गोरगरिबांचे डोक्यात घाव घालून खून होत होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये रमण राघव पकडला गेला. त्याचे नाव घेऊन अनुराग कश्यप यांनी २०१६ साली ‘रमण राघव २.०’ हा हिंदी चित्रपट काढला. रेणापुरात आम्हा काही विज्ञान शिक्षकांची त्यावर बरीच चर्चा झाली. (चित्रपट फक्त प्रौढांसाठी आहे, विद्यार्थी वाचकांनी एवढ्यात पाहू नये.)

ही त्या रमणची कथा नव्हे, असे दिग्दर्शक सुरुवातीलाच सांगून टाकतात. तेव्हा इतिहास बदलल्याची तक्रार करता येत नाही. आमची तक्रार वेगळी आहे.

चित्रपटातला रमण्णा आपण होऊन पोलिसांकडे येतो आणि खुनांची कबुली देतो. नवाजुद्दीन सिद्दिकी हे इतक्या सहजपणे सांगतात की जणू बाजारहाटाचा हिशेब चालला आहे. अभिनय अप्रतिमच. पण पोलिसांना ते खरे वाटत नाही. ते त्याला एका पडक्या इमारतीत डांबतात आणि तो निसटतो. एखादा माणूस ‘मी केले’ म्हणतो, तेव्हा ते खरे की खोटे हे ठरवायचे कसे? एवढा मोलाचा प्रश्न दारात आला आणि तसाच परत गेला! पुढे उरतो तो योगायोग, संताप आणि व्यसनी अधिकारी राघवन.

प्रत्यक्षात काय झाले? रमण राघव पूर्वीही संशयावरून पकडला गेला होता व पुराव्याअभावी सुटला होता. पण त्याची नोंद दप्तरी होती. त्या वर्णनावरून उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी त्याला ओळखले. बोटांच्या ठशांनी, म्हणजे आजी मोजते त्या शंख-चक्रांनी, ओळख पक्की झाली. तपासप्रमुख रमाकांत कुलकर्णी यांच्यापुढे तो बरेच दिवस बोलेना. कोंबडीचे जेवण मिळाल्यावर बोलला, हा किस्सा सगळे सांगतात. आम्हाला त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. लपवलेले हत्यार त्याने स्वतः दाखवले. १८७२ च्या पुरावा कायद्यात पोलिसांपुढची कबुली पुरावा धरली जात नसे. मात्र तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग ग्राह्य असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. कबुली हे गृहीतक, आणि सांगितल्या जागी वस्तू सापडणे हा पडताळा.

वर्गात कंपासपेटी हरवते. आपण एकाला उभे करतो, दटावतो. पोरगे रडत ‘मीच घेतली’ म्हणते आणि आपण फळ्याकडे वळतो. पेटी कुठे ठेवलीस, हे विचारून तिथे जाऊन पाहणारे आपल्यात किती?

गंमत अशी की, चित्रपटाच्या शेवटी राघवनच्या हातून खून होतो आणि रमण्णा तो स्वतःवर घ्यायला तयार होतो. म्हणजे आरंभी खरी कबुली आणि शेवटी खोटी. दोन्ही पडताळण्याची सवय ज्यांना नाही, अशाच पोलिसांच्या हाती त्या पडतात. दिग्दर्शकांना यात दिसते ते दोन काळ्या मनांचे मीलन. खोटी कबुली इतक्या सहज खपेल, याचे भय मात्र पडद्यावर कुठेच उमटत नाही.