मेनू बदलला, पुस्तिकेचे काय?

परभणी जिल्ह्याच्या भूगोलाचे १९९८ साली छापलेले पुस्तक आज उघडले, तर वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ ही नावे परभणी जिल्ह्यातच सापडतील. छापताना त्यात चूक नव्हती. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि पुस्तक शिळे झाले. संगणकाच्या पुस्तिकेवर ही पाळी दर दोन-चार वर्षांनी येते, आणि तिथला नकाशा बदलल्याची बातमी वर्तमानपत्रात छापून येत नाही.

‘लिबरऑफिस’मधील ‘रायटर’ची ‘रायटर गाइड’ ही इंग्रजी पुस्तिका या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. रायटरमधले मेनू, टूलबार आणि कळांची योजना आपल्या सोयीने बदलता येतात. ‘टूल्स’मधली ‘कस्टमाइज’ ही आज्ञा त्यासाठीच आहे. २०१८ साली आलेल्या ६.० आवृत्तीत तिची खिडकी पार बदलली. पूर्वी ‘ॲड’ बटण दाबले की आज्ञांची निराळी खिडकी उघडत असे. आता उपलब्ध आज्ञा डावीकडे, मेनूत घेतलेल्या उजवीकडे आणि मधे बाण. जुनी पुस्तिका घेऊन बसलेली सेलूची किंवा जिंतूरची विद्यार्थिनी मात्र ‘ॲड’च शोधत राहील. ते सापडले नाही तर पुस्तक जुने झाले असे तिच्या मनात येणार नाही. आपल्यालाच जमत नाही, असे तिला वाटेल. हे नुकसान आम्हाला छपाईच्या चुकीपेक्षा मोठे वाटते.

‘गाइड’चे स्वयंसेवक लेखक याबाबत जागरूक आहेत. पुस्तिकेवर आवृत्तीचा क्रमांक ठळक असतो, आणि मॅक संगणकावर कोणती आज्ञा वेगळ्या जागी आहे याचा तक्ता सुरुवातीलाच दिलेला असतो. आमची तक्रार निराळी आहे. पायऱ्या आणि चित्रे भरपूर, त्यामागचा विचार थोडा. कोणता मेनू बदलायचा, त्यात कोणती आज्ञा आणायची आणि ती कोठे ठेवायची, हे तीन निर्णय जुन्या खिडकीतही होते, नव्यातही आहेत. हे आधी सांगितले असते, तर चित्र जुने झाल्यावरही वाचक अडला नसता.

आपल्या शाळांतून फिरणाऱ्या झेरॉक्स टिपणांवर तर अनेकदा आवृत्तीही नसते. ‘वर्डमध्ये ऑप्शन्स कोठे असते?’ हा एका गुणाचा प्रश्न घ्या. २००३च्या वर्डमध्ये ‘टूल्स’ मेनूत, २००७मध्ये कोपऱ्यातल्या गोल ‘ऑफिस’ बटणाखाली, २०१०पासून ‘फाइल’मध्ये. तिन्ही उत्तरे बरोबर; गुण मात्र तपासणाऱ्याच्या हातातल्या टिपणाप्रमाणे! असा प्रश्न विचारूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘गाइड’चा परवाना भाषांतराची आणि फेरफाराची मुभा देतो, मूळ लेखकांचा उल्लेख करून परवान्याच्या अटी पाळल्या की झाले. तेव्हा ‘कस्टमाइज’चे प्रकरण मराठीत आणायला अडचण नाही. सगळे पुस्तक नको; चार पाने पुरेत. ‘हेल्प’मधल्या ‘अबाउट’मध्ये दिसणारा आवृत्तीचा क्रमांक पहिल्या ओळीत लिहावा, आणि दुरुस्तीसाठी समास चांगला रुंद सोडावा.